आधीचा गाढव

कल्पना करा, की तुम्ही जमिनीपासून तीस फुटांवर, परांचीच्या दोन फळ्यांवर उताणे पडला आहात. नाकापासून वीतभर अंतरावर एका जुन्या चर्चचं छत आहे. आत लाकडी पट्ट्या, त्यांच्यावर चुन्याचा गिलावा, आणि छत जिथे भिंतीला मिळतं तिथे द्राक्षाच्या वेलीची नक्षी: पान, घड, पान, घड, अशी थेट या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुमचं काम सोपं आहे. बोटाच्या सांध्याने ठोकायचं आणि ऐकायचं. चुना पट्ट्यांना घट्ट धरून असेल तर आवाज भरीव येतो. सुटला असेल तर रिकाम्या डब्यासारखा. डबा वाजला की पेन्सिलीने गोल काढायचा आणि चार बोटं पुढे सरकायचं. हे तीन दिवस चालतं. मान आखडते, डोळ्यांत कण जातात, आणि दर दहा मिनिटांनी खालून कोणीतरी ओरडून विचारतं, "झालं का?"

आता यात आणखी एक गोष्ट घाला. ठोकताना तोंडाने सतत शिव्या द्यायच्या. छताला नव्हे, तुमच्या आधी ज्याने हे काम केलं त्याला. ही या धंद्याची रीत आहे आणि ती न पाळणारा गिलावेवाला मी अजून पाहिलेला नाही. दाताचा डॉक्टर तुमच्या तोंडात डोकावून "हे कोणी भरलं होतं?" असं ज्या सुरात विचारतो, तोच सूर. फक्त डॉक्टर एकदाच विचारतो.

मास्तर तीन दिवस विचारत होते.

त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळेत ते आठवीपर्यंतच गेले, पण जगाला शिकवायची हौस मोठी. वय पन्नाशीला एक कमी, अंगाने काडी, भुवया चुन्याने कायमच्या पांढऱ्या झालेल्या. घराण्यात तिसऱ्या पिढीचं काम, आणि तिन्ही पिढ्यांत डावखुरे हे एकटेच. त्यांच्या वडिलांनी त्यांना उजव्या हातात थापी धरायला लावायचा दोन वर्षं प्रयत्न केला, मग कंटाळून सोडून दिला. मास्तर ही गोष्ट सांगताना "माझ्यापुढे बाबांनी हात टेकले" असं अभिमानाने सांगतात.

घराच्या मागच्या अंगणात त्यांची चुन्याची पिंपं असतात. कळीचा चुना पाण्यात विरवायचा आणि दोन वर्षं तसाच मुरू द्यायचा. लोक मुलांचे टक्के सांगतात तसे मास्तर पिंपांची वयं सांगतात. "हा तीन वर्षांचा आहे. लोण्यासारखा झालाय. बोट घालून बघा." सिमेंट हा शब्द ते तोंड वाकडं केल्याशिवाय उच्चारत नाहीत. कोणाच्याही घरी चहाला गेले तरी आधी भिंतीवर टकटक करून बघतात, मान हलवतात, आणि मग बसतात. त्यांचं स्वतःचं घर पायापासून गच्चीपर्यंत सिमेंटचं आहे, याची त्यांना कोणी आठवण करून देत नाही.

मी तिथे ओल मोजायला होतो. त्यासाठी माझ्याकडे दोन सुयांचं एक यंत्र होतं. मास्तरांकडे हाताचा पालथा पंजा होता. तो भिंतीला लावून ते आकडा सांगायचे आणि मग मी यंत्र लावायचो. आठ दिवसांत आमची उत्तरं एकदाच जुळली नाहीत. त्या वेळी यंत्राची बॅटरी संपली होती.

काय झालं होतं ते साधं होतं. छपराच्या कडेची पन्हळ तुंबली होती. कबुतरांची घरटी, पानांचा कुजलेला थर, एक टेनिसचा चेंडू आणि एक स्टीलचा चमचा, हा चमचा तिथे कसा पोचला हे अजून कळलेलं नाही. वर्षातून दोनदा पन्हळ साफ करून घ्यायची जबाबदारी चर्चच्या समितीची. समितीने ती कागदोपत्री अकरा वर्षं चोख पार पाडली होती. मग एक मोठा पाऊस आला, पाणी पन्हळीवरून आत वळलं, भिंतीच्या माथ्यात शिरलं, आणि एका मंगळवारी दुपारी आठ फूट द्राक्षवेल पानांघडांसकट खालच्या बाकावर येऊन पडली. मंगळवार होता म्हणून बाकावर कोणी नव्हतं.

समितीचे सेक्रेटरी निवृत्त गृहस्थ. शर्टाच्या खिशात तीन पेनं, आणि आवडता शब्द "अहवाल". चर्चमध्ये काही बिघडलं की लोक म्हणतात, दुरुस्त करा. सेक्रेटरी म्हणतात, अहवाल करू. छत पडल्याच्या दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची माणसं शोधायच्या आधी त्यांनी अहवालाचं मुखपृष्ठ तयार केलं होतं.

तर तिसऱ्या दिवशी ठोकता ठोकता मास्तर पडलेल्या भागाच्या तुटक्या कडेपाशी पोचले. वरचा चुन्याचा हात कागदासारखा पातळ, आणि त्याच्या खाली राखाडी थर.

"सिमेंट!" मास्तर ओरडले. भाजीत झुरळ सापडावं तसे.

त्यांची लेक तिथेच बाजूला चुना कालवत होती. पंचविशीची आहे, सात वर्षं बापाबरोबर काम करते, आणि बापाची शिवीगाळ हवामानासारखी सहन करते. "कुठे?" तिने विचारलं.

"इथे! चुन्याच्या छताला सिमेंट! कोण गाढव होता हा? याला कोणी थापी दिली हातात? याच्या हाताला..."

"बाबा, आपण चर्चमध्ये आहोत."

"म्हणूनच गाढव म्हणतोय. बाहेर असतो तर वेगळं म्हटलं असतं."

"सिमेंट" हा शब्द खाली सेक्रेटरींच्या कानावर पडला. हा गृहस्थ आठ दिवसांत परांचीच्या पहिल्या पायरीवरही चढला नव्हता. तो शिडीचे तीन टप्पे चढून, धापा टाकत, टोपी सावरत वर आला.

"मास्तर, म्हणजे चूक आधीच्या कामाची?"

"शंभर टक्के."

"पाण्याची नाही?"

"पाण्याने काय होतंय?" मास्तरांना श्रोता मिळाला होता. "पाणी येतं आणि जातं. चुना भिजतो, वाळतो, पुन्हा आपल्या जागी. माणसासारखा श्वास घेतो तो. सिमेंट तसं नाही. ते पाणी मागे धरून बसतं, चुन्याला सोडून देतं, आणि एक दिवस सगळं घेऊन खाली येतं. हे पाण्याने नाही पडलं साहेब. हे त्या गाढवाने पाडलं."

सेक्रेटरींचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं खिडकीतून ऊन आलं. "हे जरा पुन्हा बोला," ते म्हणाले आणि फोन पुढे धरला. मास्तर पुन्हा बोलले. दुसऱ्या वेळी जास्तच छान बोलले.

"आणि हे आधीचं काम केलं होतं कोणी?"

लेकीने कालवणं थांबवलं.

"सत्तावीस वर्षांपूर्वीचं काम आहे," मास्तर म्हणाले. "आमच्याच घराने केलं होतं. वडील आजारी होते, आम्ही दोघं भाऊ होतो. ऑर्गनपासून दारापर्यंत माझं. ही बाजू थोरल्याची."

हेही फोनमध्ये गेलं.

थोरल्याबद्दल थोडं सांगायला हवं. थोरला भाऊ कामात मास्तरांपेक्षा सरस होता, हे जुने लोक अजून म्हणतात, पण मास्तरांसमोर नाही. वीस वर्षांपूर्वी त्याने थापी ठेवली आणि दुकान काढलं. दुकानात तयार नक्षी मिळते: थर्मोकोलची पानं, फायबरची फुलं, मागची पट्टी सोलून चिकटवायची. एका तासात बैठकीची खोली राजवाडा. मास्तरांच्या दृष्टीने भावाने घर सोडलं असतं तरी चाललं असतं, संन्यास घेतला असता तरी चाललं असतं. पण चिकटवायची द्राक्षं! तेव्हापासून दोघांचं बोलणं बायकांमार्फत होतं. दर रविवारी दोघंही चर्चमध्ये येतात. थोरला तिसऱ्या बाकावर बसतो, मास्तर दहाव्या. मधल्या सहा बाकांवर शांतता असते.

"बाबा, काकांचं नाव कशाला घेतलंत?" सेक्रेटरी उतरल्यावर लेकीने विचारलं.

"खरं ते बोललो."

"येत्या रविवारी अहवाल सगळ्यांसमोर वाचणार आहेत. काका तिथे बसलेले असणार."

"मग ऐकेल. थर्मोकोल विकणाऱ्याला एवढंही ऐकू नये?"

त्यांचा राग खोटा नव्हता. मला तरी तेव्हा तो खोटा वाटला नाही. आपण चुन्याचे आणि भाऊ सिमेंटचा, ही विभागणी त्यांच्या डोक्यात इतकी पक्की होती, की छतात सिमेंट सापडल्यावर दुसरं कोणाचं नाव त्यांना सुचणंच शक्य नव्हतं.

गुरुवारी उरलेलं सिमेंट उकरायला सुरुवात झाली. छिन्नी हळू चालवायची, आतल्या पट्ट्या हलू द्यायच्या नाहीत. लेकीने वरचा पातळ हात एका सपाट तुकड्यात उचलला आणि खालचा राखाडी थर पहिल्यांदा पूर्ण उघडा झाला. त्यावर रेघा होत्या. गिलाव्याचा पहिला थर ओला असताना त्यावर खिळ्यांच्या फणीने तिरक्या रेघा ओढतात, म्हणजे वरचा थर त्यांच्यात रुतून पकड घेतो. या रेघा कोणाला दाखवायच्या नसतात. त्या झाकल्या जाण्यासाठीच असतात.

लेकीने त्या रेघांवरून बोट फिरवलं.

"बाबा, हे बघा."

"बघितलं. गाढवाचं काम आहे."

"रेघा कुठे झुकल्यात ते बघा."

मास्तरांनी पाहिलं. मग चष्मा पुसून पाहिलं.

लेकीने शेजारच्या ओल्या चुन्यावर फणी ओढली. तिच्या उजव्या हाताने ओढलेली रेघ उजवीकडे वर चढली. राखाडी थरावरच्या सगळ्या रेघा डावीकडे वर चढत होत्या. तिने फणी बापापुढे धरली. "आता तुम्ही ओढा."

मास्तरांनी फणी घेतली नाही.

"काका उजव्या हाताने काम करायचे. आजोबा उजव्या. मी उजव्या," ती म्हणाली. "आपल्या घरात डावखुरं कोण आहे?"

"त्याने उलट्या बाजूने उभं राहून ओढल्या असतील."

"उलट्या बाजूला हवा आहे, बाबा. तीस फूट हवा."

"मग लटकून ओढल्या असतील! तुझ्या काकाचा काही भरवसा नाही."

एवढं बोलून ते शिडीवरून खाली उतरले. अकरा वाजता चहा आला. त्यांनी तो घेतला आणि चहावाल्याला काहीही शिकवलं नाही. त्यावरून आम्हाला प्रकरण किती गंभीर आहे ते कळलं.

संध्याकाळी जेवताना काय झालं ते मला लेकीने सांगितलं, आणि ती आईची नक्कल इतकी हुबेहूब करते की मी तिथे असल्यासारखंच आहे.

मास्तरांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "त्या वर्षी चर्चच्या कामावर मी कुठली बाजू केली होती गं?"

"मला काय माहीत कुठली बाजू," बायको म्हणाली. "मी काय परांचीवर होते? मला सिनेमा आठवतो."

"कुठला सिनेमा?"

"आपलं लग्न व्हायचं होतं. दुपारच्या खेळाची तिकिटं काढून मी दारात उभी. तुम्ही आलात मध्यंतराला. नखं राखाडी. मी म्हटलं, अहो, निदान हात तरी धुवायचे. तर म्हणालात, चुना संपला होता, दादा दुसरा आणायला गेला होता, तिथे फरशीवाल्यांचं सिमेंटचं पोतं पडलं होतं, त्यातलं घेऊन उरकून आलो."

"उरकून?"

"हाच शब्द."

मास्तरांनी घास खाली ठेवला. "मग तू एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

"तुम्ही सिमेंटवर बोलायला लागलात की मी आत जाते," बायको म्हणाली. "सत्तावीस वर्षं आत जातेय."

आता मास्तरांपुढचा पेच स्पष्ट होता, आणि तो दुसऱ्या कोणाचा असता तर त्यांनी त्यावर तासभर व्याख्यान दिलं असतं. रविवारी शंभर-दीडशे माणसांसमोर थोरल्याचं नाव वाचलं जाणार होतं: याने चर्चचं छत पाडलं. थोरला साठीला आलेला. ज्या कामासाठी लोक त्याची अजून आठवण काढतात ते हेच छत. दुकानाबद्दल कोणी त्याची आठवण काढणार नव्हतं. आणि खरं काय ते घरातल्या दोघींशिवाय आणि माझ्याशिवाय कोणाला माहीत नव्हतं. उरलेला थर उकरून टाकला, की सोमवारपर्यंत रेघा मलब्याच्या गाडीत आणि नवा चुना छतावर.

शुक्रवारी मास्तर नेहमीपेक्षा लवकर आले आणि छिन्नी घेऊन थेट त्या जागेकडे निघाले. लेक आधीच वर होती. हातभर रुंदीचा राखाडी पट्टा सोडून तिने बाकी सगळं साफ केलं होतं, आणि त्या पट्ट्यासमोर ती मांडी घालून डबा खात बसली होती.

"सरक," मास्तर म्हणाले.

"रविवारनंतर."

"हे काम माझं आहे."

"तेच तर म्हणतेय मी कालपासून."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. मी यंत्राच्या सुयांकडे पाहिलं. त्या दिवशी त्या भिंतीची ओल मी सहा वेळा मोजली.

शनिवारी दुपारी ते भावाच्या दुकानात गेले. वीस वर्षांत पहिल्यांदा. लेकीला सोबत नेलं, कारण पहिलं वाक्य कोण बोलणार हा प्रश्न होता. तो थोरल्यानेच सोडवला.

"या. काय दाखवू? पानं, घड, का दोन्ही एकत्र? एकत्र घेतलंत तर गोंद फुकट."

"दादा, उद्या तुझं नाव वाचणार आहेत."

"कळलंय. सेक्रेटरीने चिठ्ठी पाठवली, आवर्जून उपस्थित राहा म्हणून. शर्ट इस्त्रीला टाकलाय."

"ती बाजू माझी होती."

"माहीत आहे."

"सिमेंट मी मारलं."

"माहीत आहे रे. सगळ्या छताला वरचा हात कोणी मारला? मीच ना? चुना घेऊन परत येतो तर खाली राखाडी थर आणि त्यावर तुझ्या डावखुऱ्या रेघा, कोंबडी चालून गेल्यासारख्या. आणि तू गायब."

मास्तर काउंटरला धरून उभे राहिले. काउंटरच्या काचेखाली फायबरचे देवदूत आकारानुसार मांडले होते. "मग उकरायला का नाही लावलंस? ओलं होतं तेव्हा! दहा मिनिटांचं काम होतं. वरून झाकून कशाला टाकलंस?"

थोरल्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि तेवढ्यात एक बाई आत आल्या. त्यांना पंख्याभोवती लावायला गुलाब हवे होते. थोरल्याने त्यांना अठरा प्रकारचे गुलाब दाखवले. मास्तर पाऊण तास थांबले. बाई गुलाब न घेता गेल्या आणि थोरला जेवायला निघाला.

तिथून मास्तर थेट सेक्रेटरींच्या घरी गेले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ती शिवी स्वतःला दिली: "आधीचा गाढव मी आहे."

त्यांना वाटलं होतं, सेक्रेटरी हादरतील, निदान खुर्ची पुढे करतील. सेक्रेटरींनी पेन काढलं. "काही हरकत नाही मास्तर. एक नाव काढायचं, एक घालायचं. मजकूर तोच राहील."

"आणि पन्हळ?"

"पन्हळीचं काय?"

"पाणी तिथूनच आलं ना! सिमेंट चूकच, पण अकरा वर्षं पन्हळ साफ असती तर पाणी आत आलंच नसतं. दोन्ही लिहा."

सेक्रेटरींनी सौम्यपणे फोन पुढे केला आणि बटण दाबलं. फोनमधून मास्तरांचा आवाज आला, खणखणीत, आत्मविश्वासाने भरलेला: "हे पाण्याने नाही पडलं साहेब."

"तज्ज्ञांचं मत आहे," सेक्रेटरी म्हणाले. "मी त्यात कसा बदल करणार?"

आयुष्यभर मास्तरांचं बोलणं कोणी लिहून घेत नव्हतं, याचं त्यांना दुःख होतं. शेवटी एकाने घेतलं.

रविवारी प्रार्थना झाल्यावर अहवाल वाचला गेला. सात पानं. माझे ओल मोजल्याचे सगळे आकडे त्यात होते, परिशिष्टात, आणि परिशिष्ट वेळेअभावी वाचायचं नाही असं ठरलं होतं. पाचव्या पानावर सेक्रेटरींनी घसा साफ केला: "सदर गिलाव्याचे काम करणारे कारागीर यांनी स्वतः कबूल केल्याप्रमाणे, छत कोसळण्याचे मूळ आणि एकमेव कारण त्यांनी सत्तावीस वर्षांपूर्वी वापरलेले सिमेंट हे होय."

सगळ्यांच्या माना दहाव्या बाकाकडे वळल्या. त्यातल्या निम्म्यांच्या घरांच्या भिंतींवर मास्तर कधी ना कधी टकटक करून गेले होते, चहा पिताना मान हलवून गेले होते. त्या निम्म्या चेहऱ्यांवर जो आनंद होता तो अगदी निर्मळ होता. मास्तर ताठ बसून होते. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल झाल्या होत्या.

आणि तिसऱ्या बाकावरून थोरला उठला. इस्त्रीचा शर्ट.

"वरचा हात माझा होता," तो म्हणाला. "खाली काय आहे ते बघून मारलेला. माझंही नाव घाला."

"आता टाइप झालंय," सेक्रेटरी म्हणाले.

"पेनाने घाला. खिशात तीन आहेत."

कोणीतरी हसलं. थोरला बसला नाही. "आणि दारात त्या दोन बादल्या कसल्या ठेवल्यात? नाक धरून आत यावं लागलं."

बादल्या लेकीने ठेवल्या होत्या. पन्हळीतला सगळा माल, कबुतरांसकट म्हणावा असा, आणि एका बादलीवर तो स्टीलचा चमचा खोचलेला. येणारा प्रत्येक माणूस त्यांना वळसा घालूनच आत आला होता. "पन्हळीतून काढलंय," ती मागून म्हणाली. "अकरा वर्षांचं आहे. मुरलेलं."

आता माना सेक्रेटरींकडे वळल्या. फादर पुढे आले आणि हळूच म्हणाले, की सहाव्या पानाआधी यावर थोडं बोलावं का. थोडं बोलणं दीड तास चाललं. शेवटी अहवालात पेनाने दोन ओळी वाढल्या: एकीत थोरल्याचं नाव, दुसरीत "पन्हळीकडे झालेले दुर्लक्ष". कोणाचं दुर्लक्ष, हे ओळीत मावलं नाही. ते ठरवायला आणि पुढे पन्हळ कोणी बघायची हे सुचवायला एक उपसमिती नेमली. सेक्रेटरी तिचे अध्यक्ष आहेत. पन्हळ सध्या मास्तरांची लेक साफ करते.

काम आता संपत आलं आहे. पट्टा उकरला गेला, रेघा गेल्या. त्या जागी तीन वर्षं मुरलेला चुना लागला, तीन हातांत, प्रत्येक हात नीट सुकू देऊन. पानं आणि घड साच्यात पाडून एकेक बसवले. मास्तर पुन्हा बोलायला लागले आहेत. मधे एका दुसऱ्या जागी त्यांना छत बघायला नेलं होतं. त्यांनी ठोकलं, डबा वाजला, सवयीने तोंड उघडलं, आणि मिटलं. आधी कडेचा पोपडा काढून खालच्या रेघा कुठे झुकल्यात ते पाहिलं. उजवीकडे होत्या. मग दिल्या शिव्या, मन भरून.

थोरलाही चर्चमध्ये येतो, दुकान बंद करून दुपारचा. परांचीवर चढत नाही, गुडघे चालत नाहीत म्हणतो. खाली तिसऱ्या बाकावर बसून वर बघत ओरडतो.

"ते पान फुगलंय!"

"नाही फुगलेलं!"

"मला इथून दिसतंय!"

"तुला थर्मोकोल बघून बघून तसं दिसतं!"

"दोघंही गप्प बसा," लेक म्हणते, "चुना सुकतोय."

मग दोघंही गप्प बसतात. वरून नुसता थापीचा आवाज येतो. पण थोड्या वेळाने मास्तर पालथे होतात, फळीच्या कडेवरून डोकं खाली काढतात, आणि दोन आठवडे रोज विचारताहेत तोच प्रश्न पुन्हा विचारतात. थोरला एकदा म्हणाला, आठवत नाही. एकदा म्हणाला, तुला काय वाटतं. एकदा नुसता डबा उघडून जेवायला लागला. लेक म्हणते, सोडा ना बाबा, काय फरक पडतो. मास्तरांना पडतो. काल ते मलाही विचारत होते, जणू माझ्या यंत्राला ते कळेल.

"दादा, एकदाच खरं सांग. त्या दिवशी ते तू झाकलंस ते मला बाबांच्या शिव्या बसू नयेत म्हणून, की तुलाही उरकूनच घरी जायचं होतं?"